विचारा की! : अठरा डॉलरची जमीन आणि गवताच्या ढेकळांचं घर

गेल्या अंकात अमेरिकेतल्या 'लिव्हिंग हिस्टरी' म्युझियमबद्दल, म्हणजे जुन्या काळच्या शेतकऱ्याचं घर, गोठा, शेत सगळं चालू हालतीत ठेवलेल्या म्युझियमबद्दल मी चार ओळी काय लिहिल्या, तुमच्या प्रश्नांचा नुसता पाऊस पडला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, एकसारखे प्रश्न एकत्र केलेत, कुणाचा सुटला असेल तर रागावू नका.

प्रश्न : ताई, मुलगा आयोवात डे मॉइनला असतो. या उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडे चाललोय. तो म्हणतो तुम्हाला शेतावरच्या म्युझियमला नेतो. अहो आमचा जन्म शेतात गेला, तिकीट काढून नांगर काय बघायचा?

जा हो काका, नक्की जा, उलट तुमच्यासारख्यांनीच जायला पाहिजे, बाकीचे तिथे फोटो काढून येतात, तुम्ही भांडून याल. डे मॉइनला लागून अर्बनडेल म्हणून गाव आहे, तिथे लिव्हिंग हिस्टरी फार्म्स आहे, मुलगा बहुतेक तिथेच नेणार. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीत शेतीचं अर्थशास्त्र शिकवणारे विल्यम मरे म्हणून प्रोफेसर होते, ही त्यांची कल्पना, १९७० पासूनची. एकाच आवारात तीन काळातली तीन शेतं आहेत. १७०० सालचं आयोवे या मूळ रहिवाशांचं, १८५० चं पायोनियर म्हणजे पूर्वेकडून येऊन नव्याने वसलेल्या गोऱ्या कुटुंबाचं, आणि १९०० चं घोड्यांवर चालणारं. शिवाय १८७६ सालचं एक छोटं गाव, त्यात लोहार, छापखाना, किराणा दुकान वगैरे. शेतांपर्यंत ट्रॅक्टरला जोडलेल्या गाडीत बसवून नेतात, म्हणजे वहिनींच्या गुडघ्यांची काळजी नको.

तुम्ही मात्र १८५० च्या शेतावर बैलांपाशी थांबा. तिकडच्या बैलाला वशिंड नसतं. आपलं जू वशिंडाच्या पुढ्यात बसतं, मागून वशिंडाचा टेकू असतो त्यामुळे आपलं काम सरळ दांड्यावर भागतं. तिथे तसं चालत नाही, म्हणून मानेखालून लाकडाची वाकवलेली कमान घालून ती वर जुवात अडकवतात. आणि वेसण नाही, कासरा नाही! माणूस बैलांच्या डाव्या अंगाने चालतो, 'जी' म्हटलं की जोडी उजवीकडे वळते आणि 'हॉ' म्हटलं की डावीकडे. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा त्या मुलीला विचारलं की बिथरला तर धरायचं कशाला, तर ती म्हणाली आम्ही वासरू असल्यापासून शिकवतो. माझा काही विश्वास बसला नाही, पण अर्धा तास तरी कुणी बिथरलं नाही हे खरं.

मग तिथून १९०० च्या शेतावर गेलात की पेर्शेरॉन जातीचे हत्तीएवढे घोडे आणि त्यांच्या मागे लोखंडी अवजारं. पन्नास वर्षांत एवढा फरक कसा पडला हे तिथे उभं राहून कळतं. जमीन अफाट आणि हात कमी, मजूर मिळायचा नाही, मिळाला तरी तो स्वतःचीच जमीन बघायला पुढे जायचा, म्हणून यंत्राशिवाय गत्यंतरच नव्हतं. शेतं हंगामी असतात, थंडीत बंद, तेव्हा तारखा आधी बघून घ्या, आणि बूट घाला, चपला नको.

प्रश्न : होमस्टेड आणि पायोनियर एकच का? सरकारने खरंच फुकट जमीन वाटली होती?

एकच नाही, आणि खुद्द अमेरिकनही यात गोंधळ घालतात. पायोनियर म्हणजे आधी येऊन वसणारा, कुठल्याही काळातला. होमस्टेड ही कायद्याची भाषा आहे, म्हणजे राहून कसण्याच्या अटीवर सरकारने दिलेली जमीन. अब्राहम लिंकननी २० मे १८६२ ला होमस्टेड कायद्यावर सही केली आणि १ जानेवारी १८६३ पासून तो लागू झाला. म्हणजे वरच्या उत्तरातलं १८५० चं शेत होमस्टेड नव्हेच, त्या कुटुंबाने जमीन सरकारकडून विकत घेतलेली असणार, तेव्हाचा सरकारी दर सव्वा डॉलर एकर. आयोवातली बहुतेक जमीन कायदा यायच्या आधीच विकली गेली होती, खऱ्या होमस्टेडसाठी आणखी पश्चिमेला नेब्रास्का, कॅन्सस, डकोटा, मोंटाना इकडे जायला हवं.

फुकट म्हणाल तर कागदावर जवळपास फुकट. १६० एकर, हो एकशे साठ, वाचून आपल्याकडच्या दोन एकरवाल्याचे डोळे पांढरे होतील. अर्ज करताना १२ डॉलर आणि शेवटी पट्टा हातात येताना ६, असे १८. अट अशी की वय २१ च्या वर पाहिजे किंवा कुटुंबप्रमुख पाहिजे, अमेरिकन नागरिक किंवा नागरिक व्हायचा अर्ज केलेला पाहिजे, सरकारविरुद्ध शस्त्र उचललेलं नसावं (तेव्हा यादवी युद्ध चालू होतं ना), आणि पाच वर्षं त्या जमिनीवर घर बांधून राहायचं, शेत कसायचं, मग दोन साक्षीदार आणून सिद्ध करायचं. ज्यांना पाच वर्षं थांबायचं नव्हतं ते सहा महिन्यांनी सव्वा डॉलर एकराने पैसे भरून मोकळे व्हायचे.

पण जमीन १८ डॉलरला मिळाली म्हणजे शेत मिळालं असं नाही. बैलजोडी, नांगर, बियाणं, विहीर, कुंपण, पहिलं पीक येईपर्यंतचं खाणं, हे सगळं शेकड्यांनी डॉलर, आणि ते कुणी देत नव्हतं. त्यामुळे शहरातला अगदी कफल्लक मजूर या कायद्याचा फायदा घेऊ शकलाच असं नाही. कागदातली पळवाटही लोकांनी शोधली, ते कुठेही शोधतातच. घर बारा बाय चौदाचं हवं असं म्हटलं होतं पण फूट की इंच ते लिहिलेलं नव्हतं, म्हणून काहींनी बारा इंच बाय चौदा इंचाचं खेळण्यातलं घर ठेवून शपथ घेतल्याचे किस्से तिकडे अजून चवीने सांगतात. चाकांवरचं घर एका जमिनीवरून दुसरीवर ढकलत न्यायचं हाही एक प्रकार होता.

एकूण हिशेब सांगायचा तर सुमारे १६ लाख लोकांना पट्टे मिळाले आणि २७ कोटी एकर जमीन वाटली गेली, अख्ख्या अमेरिकेच्या साधारण दहा टक्के. कायदा १९७६ मध्ये बंद झाला, अलास्कात आणखी दहा वर्षं चालू राहिला. म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच वाचकांच्या जन्मानंतरसुद्धा कुणीतरी होमस्टेड करत होतं, हे मला कळलं तेव्हा मी दोनदा तपासून बघितलं.

प्रश्न : तुम्ही गवताच्या ढेकळांचं घर लिहिलंत. छपाईची चूक का? लाकूड नव्हतं तर दगडाचं बांधायचं ना.

चूक नाही हो. त्या भागात लाकूड नाही आणि बऱ्याच ठिकाणी दगडही नाही, नजर जाईल तिथपर्यंत गवत, त्याला प्रेअरी म्हणतात. या गवताची मुळं माणसाच्या उंचीपेक्षा खोल जातात आणि एकमेकांत इतकी गुंतलेली असतात की वरचा थर नांगराने कापला तर तो मोडत नाही, पट्टीसारखा उलटा होतो. त्या पट्ट्या कुदळीने साधारण दोन-तीन फुटांच्या कापायच्या, फूटभर रुंद, चारेक इंच जाड, आणि गवताची बाजू खाली ठेवून विटांसारख्या रचायच्या. त्यालाच सॉड म्हणतात आणि लोक गमतीने नेब्रास्काचा संगमरवर म्हणायचे. एका साध्या घराला अर्धा ते एक एकर जमिनीचं वरचं कातडंच सोलून काढावं लागायचं. भिंती दोन-तीन फूट जाड, म्हणून उन्हाळ्यात गार आणि थंडीत ऊबदार, हे आपल्याकडे ज्यांनी धाब्याच्या घरात दिवस काढलेत त्यांना सांगायला नको.

भानगड सगळी छपराची. ओंडके, फांद्या, गवत आणि वर परत तीच ढेकळं. पाऊस एक दिवस पडला तर घरात तीन दिवस गळायचं, बाहेर ऊन पडलेलं आणि आत बाई एका हाताने छत्री धरून भाकरी, म्हणजे त्यांचा ब्रेड, करतेय अशी वर्णनं आहेत. छपरातून उंदीर आणि साप खाली पडायचे म्हणून छताखाली पातळ कापड ताणून बांधायचे, आणि मग त्या कापडाला मध्ये पोट आलं की ओळखायचं, वर कोणीतरी आहे. वसंतात मात्र त्याच छपरावर फुलं यायची.

हे सगळं आपल्याला इतकं बारीक माहीत आहे त्याचं मोठं श्रेय सॉलोमन बुचर या फोटोग्राफरला. नेब्रास्कातल्या कस्टर काउंटीत १८८६ पासून तो घरोघरी फिरला आणि प्रत्येक कुटुंबाला घरासमोर उभं करून फोटो काढले. लोकांनी आपली मानाची चीज बाहेर आणून ठेवलेली दिसते, कुणी शिवणयंत्र, कुणी बाजाची पेटी, कुणी कलिंगड. मागे चिखलाचं घर आणि पुढे ठेवणीतले कपडे. एक फोटो बघायला घेतला की तासभर जातो, माझा गेलाय.

आणि सरपण? लाकूड नाही म्हणजे सरपण पण नाही. सुरुवातीला रानगव्यांचं, बायसनचं, वाळलेलं शेण गोळा करून जाळायचे, बायसन संपवल्यावर गाईगुरांचं, नंतर मक्याची कणसं आणि गवताचे पीळ. पूर्वेकडून आलेल्या बायका आधी शेण चिमट्याने उचलायच्या, मग फडक्याने, मग हाताने, आणि शेवटी हात न धुता पिठाला, असा एक जुना विनोद तिकडे आहे. आपल्याला यात विनोद काय तेच कळत नाही! आमच्या आजीने ऐकलं असतं तर म्हणाली असती, गोवऱ्या थापायला पण शिकवायला पाहिजे होतं त्यांना.

प्रश्न : टॉयलेट, आंघोळ? मुलगी विचारतेय, वय ११.

घरापासून लांब एक लाकडी खोपटं, खाली खड्डा. कागदाऐवजी मक्याची सोललेली कणसं, पुढे दुकानांचे जाड कॅटलॉग यायला लागले तेव्हा त्यांची पानं. आंघोळ आठवड्यातून एकदा, पत्र्याच्या टबात, बऱ्याच घरात तेच पाणी एकामागून एक सगळ्यांनी वापरायचं. म्युझियममध्ये हे खोपटं बघायला असतं, वापरायला नाही, घाबरू नकोस.

प्रश्न : त्या वेशातली माणसं ॲक्टर असतात का? ती जो स्वयंपाक करतात तो खायला देतात का? आणि सगळं खरंच तसंच होतं हे कशावरून?

तीन प्रश्न एकात, चलाख आहात. ॲक्टर नव्हेत, त्यांना इंटरप्रिटर म्हणतात, म्हणजे समजावून सांगणारे. दोन पद्धती आहेत. एकात तो माणूस त्या काळातलाच असल्यासारखा बोलतो, तुम्ही मोबाइल काढलात तर हे काय आहे विचारेल. मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथच्या म्युझियममधलं इंग्रज गाव यासाठी प्रसिद्ध, तिथे १६२० च्या दशकात राहिल्यासारखी माणसं बोलतात. दुसऱ्या पद्धतीत कपडे जुने पण बोलणं आजचं, 'तेव्हा ते लोक असं करायचे'. बहुतेक शेतं ही दुसरी पद्धत वापरतात आणि माझ्या मते तेच बरं, पहिल्यात दहा मिनिटं मजा येते आणि मग खरा प्रश्न विचारायचाच राहून जातो.

खाणं सहसा देत नाहीत. चूल खरी, भाजी मागच्या मळ्यातली, वासाने जीव जातो, पण आरोग्य खात्याच्या नियमांमुळे पाहुण्यांच्या पानात ते पडत नाही, कर्मचारीच दुपारी बसून जेवतात आणि आपण बघायचं. मला लोणी घुसळायला दिलं होतं एकदा, उंच लाकडी नळकांडं आणि त्यात वरखाली करायची दांडी. मी म्हटलं दोरी कुठेय, रवी कुठेय, आणि जोरात मारायला गेले तर अर्धं ताक माझ्या साडीवर. सगळे हसले, मी पण.

कशावरून, हा मात्र फार चांगला प्रश्न. माणूस मेला की कोर्टात त्याच्या मालमत्तेची यादी व्हायची, किती चमचे, किती घोंगड्या, किती डुकरं, इथपर्यंत. त्या याद्या, दुकानदाराच्या उधारीच्या वह्या, डायऱ्या, पत्रं, पेपरातल्या जाहिराती, जनगणनेची शेतीची पानं, यावरून घर भरतात. म्हणून चांगल्या म्युझियममधल्या घरात फार सामान दिसत नाही आणि लोकांना वाटतं रिकामं आहे. ते रिकामंच होतं! जिथे पायोनियरच्या एका खोलीत चार चरखे, सहा कंदील आणि भिंतभर रजया दिसतील तिथे समजायचं की देणगीत आलेल्या वस्तू ठेवायला जागा कमी पडली. घरंही बऱ्याचदा दुसरीकडून उचलून आणलेली असतात, प्रत्येक ओंडक्याला नंबर टाकून सोडवायचं आणि परत जोडायचं. ही आयडिया गाजवली स्वीडनने, स्टॉकहोममध्ये आर्तुर हाझेलियसने १८९१ साली स्कान्सेन उघडलं त्यात देशभरातली घरं अशीच आणली होती.

खरं अवघड काम वेगळंच आहे, ते म्हणजे हात शिकवणं. बैल शिकवणारा माणूस, विळा लावणारा, राखेच्या पाण्यातून साबण करणारी बाई, हे रिटायर झाले की ते ज्ञान कपाटात ठेवता येत नाही. जुन्या जातींची गुरं, कोंबड्या, बियाणं पण दरवर्षी पेरावं लागतं, वाढवावं लागतं. १९७० मध्ये अशा म्युझियमवाल्यांनी एकत्र येऊन आपली संघटना काढली, तिथे ते आजही एकमेकांकडून नांगरायला शिकतात, म्हणजे अक्षरशः नांगरायला.

प्रश्न : एकट्या बाईला जमीन मिळायची का?

मिळायची, आणि हे त्या काळाच्या मानाने मोठंच होतं, कारण देशभर बायकांना मताचा अधिकार यायला १९२० उजाडलं आणि जमीन मात्र १८६३ पासून. अविवाहित, विधवा, नवऱ्याने टाकलेली, जी कुटुंबप्रमुख असेल ती अर्ज करू शकायची. नवऱ्याबरोबर राहणारी मात्र नाही, तिचा नवरा तोच मालक. म्हणून काही मुली आधी अर्ज करून मगच लग्न करायच्या. दोन बहिणी किंवा दोन मैत्रिणी शेजारच्या जमिनी घ्यायच्या आणि हद्दीच्या रेषेवर एकच घर बांधायच्या, एकीची खाट रेषेच्या अलीकडे, दुसरीची पलीकडे, दोघी आपापल्या जमिनीवर झोपल्या, कायदा खूश!

प्रश्न : तुमचा लेख आवडला नाही. ज्यांची जमीन हिसकावली त्यांचं नाव नाही आणि हिसकावणाऱ्यांच्या चुलीचं कौतुक. अशी म्युझियमं बंद का करू नयेत?

तुमचा राग बरोबर आहे आणि गेल्या लेखात ते राहिलं ही माझी चूक. सरकारने वाटलेली जमीन रिकामी नव्हती. नेब्रास्कात बिएट्रिस गावाजवळ डॅनियल फ्रीमन याचा दावा पहिला मानतात, १ जानेवारी १८६३ चा, मध्यरात्रीनंतर ऑफिस उघडायला लावून त्याने अर्ज भरला अशी गोष्ट सांगतात. त्याच्या जागेवर आज नॅशनल पार्क सर्व्हिसचं होमस्टेड पार्क आहे. पण तो भाग ओटो-मिसूरिया या मूळ रहिवाशांचा. १८५४ च्या करारात त्यांच्याकडून बाकीची जमीन घेऊन बिग ब्लू नदीवर एक राखीव पट्टा ठेवला, आणि १८८१ मध्ये तोही सोडून त्यांना ओक्लाहोमाकडे जावं लागलं. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये, म्हणजे वाटप जोरात चालू होतं तेव्हा बहुतेकांना आपल्याच जमिनीसाठी अर्जसुद्धा करता येत नव्हता. आयोवातल्या मेस्क्वाकी लोकांनी तर १८५७ मध्ये पदरचे पैसे घालून टामा काउंटीत ८० एकर परत विकत घेतले, आणि ते आजही तिथेच आहेत. चिनी, जपानी लोकांना नागरिकच होता येत नव्हतं म्हणून तेही बाहेर. गुलामीतून सुटलेल्या काळ्या लोकांना मात्र कायद्याने वाट मिळाली, कॅन्ससमधलं निकोडेमस हे १८७७ चं गाव त्यांनी वसवलेलं.

पण बंद करा हे मला पटत नाही. बंद केली की ही जमीन आधी कुणाची होती ते दाखवायची जागाही जाते. प्लिमथच्या म्युझियमने २०२० मध्ये आपलं नाव बदलून प्लिमथ पटक्सेट केलं, पटक्सेट हे तिथल्या आधीच्या गावाचं नाव. तिथे मूळ रहिवाशांच्या भागात काम करणारी माणसं खरोखर त्या समाजातली असतात, आणि ती १७ व्या शतकातली असल्याचं नाटक करत नाहीत, आजची माणसं म्हणून तुमच्याशी बोलतात. इंग्रज नाटकात आणि हे आजच्यात. मला तो फरक फार महत्त्वाचा वाटला, कारण नाटक केलं की बघणाऱ्याला वाटतं हे लोक संपले. अर्बनडेललाही १७०० चं आयोवे शेत आधी लागतं आणि मगच १८५०, याच क्रमाने जावं लागतं. पुरेसं आहे का? नाही. दोन शेतांच्या मधल्या दीडशे वर्षांत काय झालं ते मधल्या रस्त्यावर कुठे दिसत नाही, आणि तिथे गाडीत बसून आपण आपले गप्पा मारत पुढे जातो.

प्रश्न : मी असं एक शेत बघून आले आणि खरं सांगते, परत यावंसं वाटेना. किती शांत, किती साधं! आपण उगाच पुढे आलो का?

अगं तू मे महिन्यात गेली असशील! जानेवारीत जा. १२ जानेवारी १८८८ ला नेब्रास्का-डकोटात सकाळी हवा छान होती, पोरं कमी कपड्यांत शाळेत गेली आणि दुपारी अचानक हिमवादळ आलं, शाळेतून घरी निघालेली कितीतरी मुलं वाटेतच गेली. १८७४ च्या उन्हाळ्यात टोळधाड आली ती पीक तर खाऊन गेलीच, घोड्याचे पट्टे आणि अवजारांच्या लाकडी मुठीही कुरतडल्या, कारण त्यांना घामाचं मीठ लागलेलं असायचं. त्यात दुष्काळ. 'नांगर फिरला की पाऊस मागोमाग येतो' असं तेव्हा शिकलेली माणसंसुद्धा सांगायची, जमीन विकणारे तर ओरडून सांगायचे, आणि पश्चिमेच्या कोरड्या भागात १६० एकरात पोट भरत नाही हे कळायला सरकारला १९०९ उजाडलं, तेव्हा कुठे ३२० एकर केले. खूप कुटुंबं पाच वर्षं पुरी व्हायच्या आत निघून गेली. परतीच्या गाड्यांवर लोक लिहायचे, देवावर भरवसा ठेवला आणि कॅन्ससमध्ये भिकेला लागलो.

माझी या म्युझियमांबद्दल एकच तक्रार आहे आणि ती हीच. तिथलं प्रत्येक घर टिकलेल्याचं घर असतं. चूल पेटलेली, गोठा भरलेला, बागेत कोबी. दुसऱ्या वर्षी सोडून गेलेल्याचं घर कुणी उभं करत नाही, करायचं म्हटलं तरी कसं करणार, छप्पर कोसळलं आणि ढेकळं परत गवतात गेली. तुला जी शांतता आवडली ना, तिच्याबद्दल त्या काळच्या बायकांनी पत्रांत काय लिहिलंय ते वाच, सगळ्यात जास्त त्याचीच भीती वाटायची त्यांना, वाऱ्याचा आवाज आणि मैलभर माणूस नाही.

परत तिकडे गेलीस तर बिएट्रिसच्या पार्कात बाहेर एक भिंत आहे ती बघ. होमस्टेड झालेल्या तीस राज्यांच्या आकाराचे पत्रे लावलेत, आणि त्या राज्याची जेवढी जमीन होमस्टेडमध्ये गेली तेवढं भोक पत्र्यात पाडलंय. नेब्रास्काच्या पत्र्यात जवळपास अर्धं भोक आहे. आणि हो, गावाचं नाव विचारताना 'बीअट्रिस' म्हणू नकोस, तिकडे 'बि-ॲ-ट्रिस' म्हणतात, मधल्या ॲ वर जोर, नाहीतर पेट्रोल पंपावरचा माणूस आधी तुला सुधारतो आणि मगच रस्ता सांगतो.